तिसरा गडी : शहापूर-मुरबाडकडील पत्त्यांच्या डावांतील डावपेचांची मीमांसा

भाषेत रूढ झालेले वाक्प्रचार समाजाच्या विचारपद्धतीची साक्ष देतात, असे सामान्यतः मानले जाते. परंतु ही साक्ष पुष्कळदा अपुरी असते. पत्त्यांच्या खेळातून मराठीत आलेला ‘हुकमाचा एक्का’ हा प्रयोग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. सामर्थ्य पानात असते आणि ते पान ज्याच्या हाती, त्याचा डाव, अशी त्यामागील कल्पना. दोघांच्या सामन्यात ही कल्पना बऱ्याच अंशी खरी ठरते. तिसरा गडी बैठकीत येऊन बसला, की मात्र ती डळमळू लागते. कारण दोघांपैकी कोणाचे पान चालावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार कित्येकदा त्या तिसऱ्याच्या हाती जातो. या तिसऱ्याविषयी वाक्प्रचार मुके आहेत. खेळांची चर्चाही त्याच्याविषयी फारशी बोलत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हा तिसरा गडी आहे.

विवेचनासाठी ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके समोर ठेवले आहेत. २०१४ साली पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाल्यानंतर ठाणे जिल्ह्याचा जो ग्रामीण भाग उरला, त्यात या दोन तालुक्यांचा वाटा मोठा आहे. एकीकडे माहुलीचा डोंगर आणि कसाऱ्याची वाट, दुसरीकडे माळशेजचा घाट. मधल्या पट्ट्यात भातशेती. लावणी उरकली की भाद्रपदात गौरी-गणपती येतात आणि त्या रात्रींच्या जागरणाला पत्त्यांची बैठक ही जणू ठरलेलीच असते. आसनगाव आणि कसारा येथून मुंबईकडे नोकरीसाठी जाणाऱ्यांच्या लोकलगाडीतही मांडीवर पिशवी किंवा वर्तमानपत्र पसरून डाव मांडले जातात. कसाऱ्यापासून मुंबईचे अंतर सुमारे १२० किलोमीटर. तेव्हा प्रवासात एक नव्हे, अनेक डाव होतात. घरच्या बैठकीत आणि गाडीतल्या बैठकीत जे खेळ चालतात, ते या दोन तालुक्यांचेच वैशिष्ट्य आहेत असे नाही. पाच-तीन-दोन, मेंढीकोट, झब्बू, बदाम सात हे खेळ महाराष्ट्रात सर्वत्र ठाऊक आहेत. येथे त्यांचा विचार एका विशिष्ट प्रदेशातील बैठकीच्या संदर्भात केला आहे तो एवढ्यासाठी की, जेथे गडी रोजच्या ओळखीचे असतात, तेथे तिसऱ्याचा प्रश्न अधिक स्पष्टपणे उभा राहतो.

१

खेळाच्या चर्चेत दैव आणि कौशल्य अशी दोन टोके मानण्याची प्रथा आहे. फ्रेंच विचारवंत रॉजे काय्वा याने १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात खेळांचे चार वर्ग केले : स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ. पत्त्यांच्या बहुतेक खेळांत पहिल्या दोहोंचे मिश्रण असते, असे त्याचे मत होते. पाने पिसून वाटली जातात, हा दैवाचा भाग. वाटलेली पाने खेळली जातात, हा स्पर्धेचा भाग.

भारतीय न्यायव्यवस्थेनेही हीच विभागणी स्वीकारली. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने केवळ कौशल्याच्या खेळांना सूट दिली होती. ‘केवळ कौशल्य’ म्हणजे दैवाचा लेशही नसणे नव्हे, तर कौशल्याचे प्राधान्य असणे, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली चमारबागवाला खटल्यात लावला. पुढे १९६८ साली आंध्र प्रदेशातील एका खटल्यात रमी हा प्राधान्याने कौशल्याचा खेळ आहे, असा निर्णय झाला. कारण पडलेली पाने लक्षात ठेवणे आणि कोणते पान धरावे, कोणते टाकावे हे ठरविणे या खेळात आवश्यक असते. तीन पत्त्यांचा खेळ मात्र निव्वळ दैवाचा मानला गेला. संसदेने २०२५ साली केलेल्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांपुरता हा भेदच बाजूला ठेवला; तथापि विचाराची चौकट म्हणून दैव आणि कौशल्य ही जोडी अद्याप टिकून आहे.

ही चौकट चुकीची आहे असे नाही. ती अपुरी आहे. दैव म्हणजे जे कोणीच ठरविलेले नाही ते. कौशल्य म्हणजे जे गड्याने स्वतः साधले ते. परंतु एखाद्या गड्याचे यश तिसऱ्याने ठरविले असेल, आणि त्या निर्णयात तिसऱ्याचा स्वतःचा लाभही नसेल आणि तोटाही नसेल, तर त्या यशाची गणना कशात करावयाची? ज्याला ते मिळाले, त्याच्या कौशल्याचे ते फळ नव्हे. पिसण्याचा तो परिणामही नव्हे, कारण एका माणसाने ते जाणूनबुजून घडविलेले असते. हा प्रश्न काल्पनिक नाही, हे पाच-तीन-दोन या खेळाच्या शेवटच्या दोन हातांवरून दाखविता येते.

२

पाच-तीन-दोन हा तिघांचा खेळ. एक्क्यापासून अठ्ठीपर्यंतची २८ पाने आणि दोन सत्त्या मिळून ३० पाने, प्रत्येकी १०. एका फेरीत पडलेली तिन्ही पाने जो जिंकतो, त्याचा ‘हात’ झाला असे म्हणतात. डावात असे १० हात होतात. हुकूम बोलणाऱ्याने पाच हात करावयाचे, त्याच्या पुढच्याने तीन आणि वाटणाऱ्याने दोन. पाच, तीन आणि दोन यांची बेरीज बरोबर दहा होते, हीच या खेळाच्या रचनेची किल्ली आहे. एकाने वाढीव हात केला, की दुसऱ्या कोणाचा तरी हात कमी पडलाच. आणि ही तूट डाव संपल्यावर विसरली जात नाही. पुढच्या डावाची पाने वाटून झाली, की पहिले पान पडण्यापूर्वी वाढीव हात करणारा गडी कमी पडलेल्या गड्याच्या पानांतून एक पान न पाहता ओढतो आणि आपले नकोसे पान त्याला देतो. परत द्यावयाच्या पानाविषयी घरोघरी निरनिराळे संकेत आहेत. ओढण्याचा हक्क मात्र सर्वत्र आहे. जितके हात कमी, तितकी पाने ओढली जातात.

पानांची अशी देवघेव असल्यामुळे या खेळात प्रत्येक डाव मागच्या डावाचा हिशेब घेऊन सुरू होतो. शिवाय भूमिका फिरतात. वाटण्याची पाळी पुढे सरकते, म्हणून आज पाचाचा असलेला गडी पुढच्या डावात दोनाचा होतो, तिनाचा गडी पाचाचा होतो आणि दोनाचा तिनाचा. ज्याच्यावर सर्वांत जड भार, त्याला हुकूम बोलण्याचा अधिकार. आणि पुढच्या खेपेला त्याच्या वाट्याला सर्वांत हलका भार. तिन्ही भूमिकांचे डावपेच त्यामुळे वेगळे होतात. पाचाच्या गड्याला चढाई करावी लागते. हुकूम लवकर बाहेर काढून आपली मोठी पाने मोकळी करणे, हा त्याचा स्वाभाविक मार्ग. दोनाचा गडी दोन खात्रीची पाने राखून इतरांच्या चुकीची वाट पाहतो. तिनाचा गडी मधोमध असतो. त्याची गरज मध्यम, त्याचे बळ मध्यम; आणि म्हणूनच डावाच्या शेवटी त्याचे महत्त्व कमाल होते.

उदाहरणादाखल पुढील स्थिती घ्यावी. आठ हात झाले आहेत. पाचाच्या गड्याचे चार, तिनाच्या गड्याचे तीन आणि दोनाच्या गड्याचा एक हात झाला आहे. हुकूम इस्पिकचा होता आणि सर्व इस्पिक पडून गेले आहेत. उतारी तिनाच्या गड्याची आहे. त्याच्याजवळ बदामाची राणी आणि चौकटची अठ्ठी आहे. पाचाच्या गड्याजवळ बदामाचा राजा आणि किलवरची नव्वी. दोनाच्या गड्याजवळ चौकटची दश्शी आणि किलवरचा गुलाम. पाचाचा गडी चौकटला आणि दोनाचा गडी बदामाला पूर्वीच चुकलेला आहे, म्हणजे त्या त्या रंगाचे पान आपल्याजवळ नाही हे त्यांनी खेळताना उघड केले आहे. पाचाच्या आणि दोनाच्या गड्यांना एकेक हात हवा आहे. तिनाच्या गड्याचे काम झालेले आहे.

तिनाच्या गड्याने बदामाची राणी टाकली, तर पाचाचा गडी राजाने हात घेतो आणि त्याचे पाच पुरे होतात. दोनाच्या गड्याला या वेळी एक पान फेकावयाचे असते. त्याने पडलेली पाने मोजली असतील, तर शिल्लक केवळ चौकटची अठ्ठी आणि किलवरची नव्वी आहे, आणि चौकट नसलेल्या पाचाच्या गड्याजवळ नव्वीच असणार, हे त्याला कळते. मग तो दश्शी फेकून गुलाम राखतो, शेवटचा हात घेतो, आणि डाव पाच, तीन, दोन असा बरोबरीत सुटतो. तो गाफील राहिला आणि गुलाम फेकून बसला, तर पाचाच्या गड्याचे सहा होतात आणि दोनाचा गडी एका पानाचा देणेकरी होतो.

आता तिनाच्या गड्याने राणीऐवजी चौकटची अठ्ठी टाकली, असे समजावे. दोनाचा गडी दश्शीने हात घेतो आणि त्याचे दोन पुरे होतात. पुढे तो किलवरचा गुलाम उतरतो. पाचाच्या गड्याने नव्वी राखली असली तरी ती गुलामाखाली पडते. राजा राखला असला तरी तो दुसऱ्या रंगाचा असल्यामुळे व्यर्थ जातो. दोनाच्या गड्याचे तीन हात होतात, पाचाचा गडी चारांवर अडकतो आणि पुढच्या डावात त्याचे पान ओढले जाते. पाचाच्या गड्याने या अवस्थेत कितीही विचार केला तरी त्याला सुटका नाही.

या छोट्या स्थितीत तिन्ही तत्त्वे एकत्र आलेली आहेत. किलवरचा गुलाम दोनाच्या गड्याकडे आला आणि पाचाच्या गड्याकडे गेला नाही, हे दैव. राणी पडल्यावर कोणते पान फेकावे हे दोनाच्या गड्याने ओळखणे, हे कौशल्य. परंतु राणी उतरावी की अठ्ठी, हा निर्णय यांपैकी कशातच बसत नाही. दोन्ही उताऱ्यांनी तिनाच्या गड्याचे तीनच हात राहतात. त्याला घेणे नाही आणि देणेही नाही. पुढच्या डावात तो पाचाचा होणार असल्यामुळे इतर दोघे बरोबरीत राहिलेले त्याला किंचित बरे, असा तर्क करता येईल. पण तो तर्क निर्णायक नाही, कारण ओढले जाणारे पान इतर दोघांमध्येच फिरणार आहे. त्याने अठ्ठी उतरली, तर ती मागच्या एखाद्या डावाचे उट्टे काढण्यासाठी, धाकट्या भावाला हात द्यावा म्हणून, किंवा गाडीत रोज समोर बसणाऱ्या सोबत्याची गंमत करावी म्हणून उतरली असेल. पाचाच्या गड्याचे भवितव्य या नात्यावर अवलंबून राहिले, पानावर नव्हे.

३

तिघांच्या खेळात उद्भवणारा हा प्रश्न गणितज्ञांनाही जाणवला होता. जॉन फॉन नॉयमन याने १९२८ साली दोघांच्या, एकाचा लाभ तोच दुसऱ्याचा तोटा अशा खेळांसाठी सर्वोत्तम धोरणाचा सिद्धांत मांडला. १९४४ साली ऑस्कर मॉर्गेनस्टर्न याच्यासह लिहिलेल्या ग्रंथात तिघांचा खेळ विचारात घेताना मात्र त्यांना वेगळाच मार्ग धरावा लागला. तेथे ‘उत्तम खेळी कोणती’ या प्रश्नाआधी ‘कोण कोणाशी हातमिळवणी करील’ हा प्रश्न येतो. म्हणजे दोनांवरून तीनांवर जाताना केवळ संख्या वाढत नाही, प्रश्नाची जात बदलते.

मराठी मुलखाला तिघांचा खेळ नवा नाही. बाबराने १५२७ साली सिंधमधील शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. हा खेळ पुढे दक्षिणेत पसरला आणि सावंतवाडीत दशावतारी गंजिफेच्या रूपाने टिकला. दहा अवतारांची १२० गोल पाने तिघांत प्रत्येकी ४० अशी वाटली जातात. त्यात हुकमाचा रंग नाही आणि जोडीदारही नाही. प्रत्येक जण एकटा. गंजिफेची बैठक आज फार थोड्या ठिकाणी भरते. तिघांनी एकमेकांविरुद्ध खेळण्याची रीत मात्र पाच-तीन-दोनसारख्या खेळात चालू राहिली आहे. पाच-तीन-दोन गंजिफेपासून निघाला असे येथे सुचवावयाचे नाही. दोन्ही खेळांना एकाच प्रश्नाला सामोरे जावे लागते, एवढेच म्हणावयाचे आहे.

मेंढीकोट या प्रश्नाचे उत्तर वेगळ्या रीतीने देतो. येथे चार गडी असतात, पण बाजू दोनच. समोरासमोर बसलेले दोघे भिडू. हातमिळवणी कोणाशी, हा प्रश्न पाने वाटण्यापूर्वीच सुटलेला असतो. दश्शीला ‘मेंढी’ म्हणतात. चारांपैकी तीन किंवा चार मेंढ्या घेणारी बाजू जिंकते; दोन-दोन झाल्या, तर १३ पैकी अधिक हात करणारी. चारही मेंढ्या एकीकडे गेल्या, की कोट चढतो. या खेळाची खरी कल्पकता दश्शीच्या निवडीत आहे. दश्शी हे मधले पान. गुलाम, राणी, राजा, एक्का सारे तिच्यावर चढतात. म्हणजे ज्या पानाचे मोल सर्वांत अधिक, त्याचे बळ मात्र बेताचे. ते पान स्वतःच्या जोरावर क्वचितच घरी येते. भिडूने एक्का टाकावा आणि आपण त्याच्याखाली मेंढी सोडावी, तेव्हा ती सुरक्षित पोचते. ‘हुकमाचा एक्का’ या वाक्प्रचारात मोल आणि बळ एकच मानलेले आहे. मेंढीकोट त्यांची फारकत करून दाखवितो.

हुकूम ठरविण्याच्या रीतीतही दोन विरोधी धोरणे दिसतात. बंद हुकमात एक गडी आपले पान पालथे ठेवतो आणि त्या गुप्ततेचा लाभ घेतो. कट हुकमात ज्याला प्रथम रंग चुकतो, त्याने टाकलेल्या पानाचा रंग हुकूम होतो. पहिल्या रीतीत ज्याच्याजवळ एखाद्या रंगाची भरती आहे, तो बलवान. दुसरीत ज्याच्याजवळ एखाद्या रंगाची वाण आहे, तोही बलवान ठरू शकतो. त्याची उणीवच त्याला अधिकार मिळवून देते. तेव्हा बळकट पाने कोणती, या प्रश्नाचे उत्तर पाने पाहून देता येत नाही. रीत कोणती आणि भिडू कोण, हे आधी विचारावे लागते.

झब्बूत तर बळाची कल्पना पुरती उलटते. येथे जिंकणारा कोणी नसतो. शेवटी ज्याच्या हाती पाने उरतात, तो एकटा हरतो. उतरलेल्या रंगाचे पान नसलेला गडी दुसरे पान टाकून झब्बू देतो, आणि त्या रंगाचे सर्वांत मोठे पान ज्याने टाकले असेल, त्याला पडलेली सगळी पाने उचलावी लागतात. राजा आणि राणी ही येथे ओझी होत. बैठकीत पाच-सहा जण असले, की एखाद्याच्या हातात पाने साचलेली पाहून बाकीचे त्याच्यावरच नेम धरतात. ठरवून केलेला हा कट नसतो. प्रत्येकाला आपली सुटका हवी असते आणि सर्वांच्या सुटकेचा सोपा मार्ग एकाच माणसावरून जातो. बदाम सातमध्ये हीच गोष्ट सौम्य रूपात दिसते. लावण्याजोगे दुसरे पान हाती आहे तोवर सत्ती किंवा अठ्ठी अडवून धरता येते. जो अडवितो, त्याचा लाभ अल्प असतो. पण अडलेल्यांची रांग मोठी होते. कोणी अडविले हे बैठकीला बहुधा समजते आणि पुढच्या डावात त्याचे स्मरण ठेवले जाते.

४

आतापर्यंतच्या सर्व खेळांत पाने सामाईक आहेत. एकच गड्डी पिसली जाते आणि सर्वांना तिच्यातूनच मिळते. याच्या अगदी विरुद्ध टोकाला आधुनिक काळातील संग्रही पत्त्यांचे खेळ आहेत. त्यांतला आद्य मानला जाणारा ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ रिचर्ड गारफील्ड या गणिताच्या अभ्यासकाने १९९३ साली आणला. त्यात प्रत्येक गडी पाने विकत घेऊन किंवा इतरांशी अदलाबदल करून स्वतःची गड्डी रचतो आणि ती घेऊन खेळावयास बसतो. डावपेचाचा अर्धा भाग बैठकीपूर्वीच, घरी उरकलेला असतो. अशा गड्ड्यांचे ढोबळ मानाने तीन प्रकार मानतात : आरंभापासून हल्ला करणारी चढाईची गड्डी, प्रतिस्पर्ध्याचा प्रत्येक बेत अडविणारी अटकावाची गड्डी, आणि ठराविक पाने एकत्र येताच एकदम डाव संपविणारी जुळणीची गड्डी.

या खेळाचा ‘कमांडर’ नावाचा प्रकार सामान्यतः चौघांत खेळतात. १०० पानांच्या गड्डीत मूलभूत पाने वगळता कोणतेही पान एकदाच घेता येते आणि प्रत्येक गड्याचे प्राण ४० गुणांचे असतात. दोघांच्या सामन्यात जी चढाईची गड्डी प्रभावी ठरते, तीच येथे अडचणीत येते. तिला एका शत्रूऐवजी तिघांचे मिळून १२० गुण संपवावे लागतात. आणि पहिल्यावर हल्ला करताना जी शक्ती खर्च होते, तिचा फायदा उरलेले दोघे काहीही न करता घेतात. अटकावाच्या गड्डीचेही तसेच. एकाचा बेत अडविण्यासाठी पान खर्चिले, तर दुसऱ्या दोघांचे काम फुकटात होते. आणि जुळणीच्या गड्डीवर, ती जुळत आली असे दिसताच, तिघांचे लक्ष जाते. सर्वांत बलवान कोण हे लवकर उघड होणे, हाच बहुगड्यांच्या खेळात मोठा धोका. विजय पुष्कळदा त्याला मिळतो, जो बलवान असून तसा दिसत नाही.

मुरबाडच्या ओटीवरचा पाच-तीन-दोन आणि विकत घेतलेल्या गड्ड्यांचा हा खेळ यांत बाह्यतः काहीच साम्य नाही. तरी तिनाच्या गड्याची अवस्था आणि कमांडरमधील चौथ्या गड्याची अवस्था एकच आहे : स्वतःच्या यशाशी संबंध नसलेल्या निर्णयाने दुसऱ्याचे यश ठरविण्याची. भेद आहे तो या अवस्थेच्या परिणामात. संग्रही खेळात प्रबळ गड्डी पैशाने रचता येते; त्यामुळे तेथे आरंभीची विषमता दैवाने नव्हे तर ऐपतीने येते, आणि इतरांनी मिळून तिला आवर घालणे हा त्यावरचा एक उतारा ठरतो. पाच-तीन-दोनमध्ये विषमता खेळाच्या नियमांतच मोजून घातलेली आहे, आणि भूमिका फिरल्यामुळे ती कोणाच्या माथी कायमची बसत नाही.

५

या ठिकाणी एका शब्दाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. मराठीत खेळणाऱ्याला ‘गडी’ म्हणतात आणि मोलाने राबणाऱ्यालाही गडीच म्हणतात. अखंड ठाणे जिल्ह्याच्या इतिहासात या दुसऱ्या अर्थाला दुःखद छटा आहे. डहाणू-उंबरगाव भागात लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी सावकाराकडे बांधल्या गेलेल्या आदिवासीला ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ साली सुरू झालेल्या वारल्यांच्या लढ्याचा रोख वेठीबरोबर या प्रथेवरही होता; वेठबिगारीच्या उच्चाटनाचा देशव्यापी कायदा व्हावयास १९७६ साल उजाडले. पाच-तीन-दोनमधील देणेकरी गड्याकडे पाहताना हे स्मरण होणे स्वाभाविक आहे. परंतु साम्य ताणू नये. खेळातील देणे मोजलेले असते, पुढच्या डावाच्या आरंभी एकदाच फेडले जाते, आणि देणेकऱ्याला हुकूम बोलण्याची पाळी नाकारली जात नाही. किंबहुना तिनाचा गडी देणेकरी झाला, तर लगेच पुढच्या डावात हुकूम त्याचाच असतो. व्यवहारातील कर्जाने जे कधी दिले नाही, ते येथे नियम म्हणून दिलेले आहे. समाजाचे प्रतिबिंब खेळात जसेच्या तसे पडते असे मानणाऱ्या समीक्षेने हा फरक ध्यानात घ्यावा. खेळ पुष्कळदा समाजाची दुरुस्त केलेली प्रत असतो.

आता एका आक्षेपाचा विचार. तिसऱ्याला आपल्या बाजूला वळविणे हेही कौशल्यच नव्हे काय, असे विचारता येईल. आक्षेपात तथ्य आहे. ज्याने मागच्या डावात तिनाच्या गड्याला डिवचले नाही, ज्याने आपले चार हात गाजावाजा न करता केले, त्याच्यावर अठ्ठी उतरली जाण्याचा संभव कमी. हे कौशल्य मानण्यास हरकत नाही. तथापि त्याने संभव बदलतो, निर्णय बदलतोच असे नाही. एक्क्याने राजा मरतो, ही खात्री आहे. सौजन्याने तिसरा वळतो, ही आशा आहे. पानाच्या बळात आणि माणसाच्या कलात हा मूलभूत फरक आहे, आणि दोहोंना ‘कौशल्य’ हे एकच नाव दिल्याने तो पुसला जातो. मेंढीकोटमध्ये भिडू ठरवून, गंजिफेत प्रत्येकाला एकटे ठेवून, पाच-तीन-दोनमध्ये देणेघेणे मोजून आणि भूमिका फिरवून, प्रत्येक खेळाने या तिसऱ्या तत्त्वाला आपापल्या परीने बांध घातला आहे. त्याचे अस्तित्व खेळ रचणाऱ्यांनी ओळखले होते, याचा याहून सबळ पुरावा नको.

म्हणून बहुगड्यांच्या खेळाच्या समीक्षेत दैव आणि कौशल्य यांच्या जोडीला ‘संबंध’ हे तिसरे तत्त्व मानावे लागते. एखादा खेळ श्रेष्ठ की कनिष्ठ हे ठरविताना त्यात दैव किती आणि कौशल्य किती, एवढेच मोजून भागत नाही. त्या खेळाने तिसऱ्याच्या निर्णयाला किती वाव दिला आणि त्याचे परिणाम किती काळ टिकू दिले, हेही पाहावे लागते. या कसोटीवर पाच-तीन-दोनची योग्यता त्याच्या घरगुती रूपावरून वाटते त्यापेक्षा पुष्कळच अधिक ठरते. तिसऱ्याला तो पूर्ण मोकळीक देतो, आणि त्या मोकळिकीतून झालेल्या अन्यायाचे वय एका डावापुरते ठेवतो.

पदव्युत्तर अभ्यासकांना या क्षेत्रात करण्यासारखे काम पुष्कळ आहे. खेळांची वर्णने बहुधा नियम सांगून थांबतात. शहापूर-मुरबाडच्या बैठकींत ओढलेल्या पानाच्या बदली कोणते पान द्यावे यासंबंधी कोणते संकेत आहेत, झब्बूत एकावरच नेम धरल्यास मोठी माणसे काय म्हणतात, भिडूला खाकरून खूण करणाऱ्याला कोणता शब्द लावतात, या गोष्टी नियमांत बसत नाहीत आणि म्हणून नोंदल्याही जात नाहीत. परंतु तिसऱ्या गड्याचे शास्त्र याच शब्दांत आणि संकेतांत साठलेले आहे. ते गोळा झाले, म्हणजे ‘हुकमाचा एक्का’ या एका वाक्प्रचाराने दिलेली अपुरी साक्ष पुरी करता येईल.